कंडम होता होता वाचलेला संगणक

सैनिकी शाळेत प्रत्येक वस्तूला नंबर असतो. खाटेला, कपाटाला, वर्गातल्या बाकाला, अगदी भिंतीवरच्या घड्याळालाही. आणि प्रत्येक वस्तूच्या आयुष्यात कधी ना कधी एक शब्द येतो : कंडम. घरी हे पान वाचणाऱ्या आई-बाबांसाठी सांगतो, वस्तू कामाची राहिली आहे की नाही हे ठरवायला अधिकाऱ्यांचे एक मंडळ बसते. ते यादी बघते, वस्तू बघते आणि सह्या करते. मग लेजरमधून त्या वस्तूचे नाव कमी होते. गेल्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या यादीत दोन फाटकी ताडपत्री, चार खुर्च्या आणि आमच्या मॅगझिन रूममधला डेस्कटॉप संगणक होता.

तुम्ही आता वाचत आहात ते मराठी पान त्याच संगणकावर टाइप झाले आहे. इथे राजस्थानात आम्ही मराठी मुले मोजकीच आहोत, पण आमचे पान दरवर्षी निघते. तमिळ, बंगाली आणि पंजाबी पानेही निघतात. कॉम्प्युटर लॅबमधले नवे संगणक वेळापत्रकात बांधलेले असतात. संध्याकाळी खेळ आणि प्रेप यांच्या मध्ये जो मोकळा वेळ मिळतो, त्यात भाषेच्या संपादकांना बसायला हा एकच संगणक. त्यावर इनस्क्रिप्ट कळफलक आहे. हा भारत सरकारने प्रमाण ठरवलेला कळफलक असून त्याची गंमत म्हणजे मराठीतला 'क', बंगालीतला 'क' आणि तमिळमधला 'क' एकाच कळीवर येतात. त्यामुळे माझा तमिळ बॅचमेट आणि मी एकमेकांची लिपी न वाचता येऊनही एकमेकांना टाइप करायला मदत करू शकतो. हा संगणक गेला असता तर पान हाताने लिहून बाहेरच्या प्रेसला द्यावे लागले असते, आणि तिथे मराठी कोणालाच येत नाही.

संगणक यादीत का आला, हेही खरे सांगितले पाहिजे. तो जुना आहेच. मदरबोर्डवर जी-४१ चिपसेट आहे, तो २००८ सालचा. प्रोसेसर कोअर २ ड्युओ ई-७५००, वेग २.९३ गिगाहर्ट्झ. रॅम फक्त २ जीबी. त्यावर ३२-बिट विंडोज १० कशीबशी चालत होती आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती या बोर्डवर नाही. त्यात रोज सुरू केला की संगणक तारीख विसरायचा आणि दहा-बारा वर्षे मागे जायचा. तारीख चुकली की इंटरनेटवरची सुरक्षित पाने उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत संगणक स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. बघणाऱ्याला वाटायचे, यंत्र संपले.

आमच्या लॅबमध्ये एक निवृत्त सुभेदार साहेब आहेत. मूळचे गढवालचे. त्यांची सगळी नोकरी ईएमईमध्ये, म्हणजे सेनेच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल इंजिनिअर्स कोअरमध्ये झाली. रणगाड्यापासून रेडिओपर्यंत सेनेची साधने चालू ठेवणे हे या कोअरचे काम. १५ ऑक्टोबर १९४३ हा तिचा स्थापना दिवस आणि 'कर्म ही धर्म' हे तिचे ब्रीद. विंडोजचा सपोर्ट संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी यादीची बातमी घेऊन त्यांच्याकडे गेलो. साहेब हिंदीत बोलतात, मी मराठीत लिहितो. ते म्हणाले, "बेटा, यंत्र मेलं आहे की आजारी आहे, हे आधी ठरव. मग रड."

त्यांनी क्वार्टरमास्टर साहेबांकडे जाऊन दोन आठवडे मागून घेतले. मंडळ बसेपर्यंत संगणक नीट चालला तर नाव कमी होईल, नाहीतर नाही. जबाबदारीच्या कागदावर सही सुभेदार साहेबांनी केली. ती सही बघितल्यावर हा माझ्यासाठी खेळ राहिला नाही.

पहिले काम म्हणजे सगळी पाने दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेणे. दुसरे, तारीख विसरण्याचा आजार. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२. वीज बंद असताना घड्याळ आणि सेटिंग्ज तोच जपतो. नवा सेल ३ व्होल्टचा असतो. आमचा मल्टिमीटरवर २.४ दाखवत होता. तीस रुपयांचा नवा सेल बसवला आणि संगणक आजच्या तारखेत आला. अर्धा कंडमपणा तिथेच उतरला.

मग रॅम. या बोर्डवर डीडीआर-३ रॅमचे दोनच स्लॉट आहेत आणि जास्तीत जास्त ८ जीबी चालते. लॅबमध्ये ४ जीबीची एक सुटी स्टिक होती. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, स्लॉटमधली धूळ ब्रशने काढली (राजस्थानची धूळ कशातही शिरते), स्टिकच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या आणि ती बसवली. पडदा काळा. आतून लांब बीप, पुन्हा लांब बीप.

साहेबांनी स्टिक काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मोज." तिच्या एकाच बाजूला आठ काळ्या चिप होत्या. तेव्हा मला एक गोष्ट समजली जी खोक्यावर लिहिलेली नसते. ४ जीबी दोन प्रकारे बनते. आठ चिप, प्रत्येकी ५१२ एमबीची. किंवा सोळा चिप, प्रत्येकी २५६ एमबीची. बेरीज तीच. पण आमच्या बोर्डच्या काळात एका चिपमध्ये एवढी दाट मेमरी नसायची, त्यामुळे तिच्या आतले पत्ते त्याला वाचताच येत नाहीत. नव्या संगणकात चांगली चालणारी स्टिक इथे नुसती प्लास्टिकची पट्टी. आम्हाला दोन्ही बाजूंना आठ-आठ, म्हणजे सोळा चिपची स्टिक हवी होती.

ती सापडली कुठे? स्टोअरमध्ये, आधीच कंडम झालेल्या दोन संगणकांत. त्यांचे पॉवर सप्लाय जळले होते, रॅम शाबूत होती. रीतसर चिठ्ठी करून दोन स्टिक आणल्या. एकेक लावून बघितली तर दोन्ही चालल्या. दोन्ही एकत्र लावल्या की संगणक सुरू होताना मध्येच गोठायचा.

इथे मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. साहेबांनी वहीत तक्ता काढायला लावला. पहिली स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये : चालते. पहिली दुसऱ्यात : चालते. दुसरी स्टिक पहिल्यात, मग दुसऱ्यात : चालते. म्हणजे स्टिक चांगल्या, स्लॉटही चांगले. दोघांना एकत्र सांभाळणारा जो कोणी आहे, त्याचेच काहीतरी अडत होते. तो म्हणजे बायोस, बोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेले फर्मवेअर.

बायोसचे काम कॅडेटला चटकन कळेल. ते सकाळचे फॉल-इन आहे. बटण दाबले की ऑपरेटिंग सिस्टिम उठायच्या आधी बायोस हजेरी घेते. प्रत्येक रॅम स्टिकवर एक बारीकशी चिप असते, तिच्यात त्या स्टिकचे ओळखपत्र असते : क्षमता किती, वेग किती, कोणत्या कामाला किती वेळ लागतो. बायोस ते वाचते आणि त्याप्रमाणे मेमरी चालवणाऱ्या भागाला हुकूम देते. आजच्या संगणकांत हा भाग प्रोसेसरमध्येच असतो, आमच्या बोर्डवर तो चिपसेटमध्ये आहे. हजेरी घेणाऱ्याला नव्या जवानांची कागदपत्रे नीट वाचता आली नाहीत तर जवान चांगले असूनही तुकडी उभी राहत नाही.

बोर्ड बनवणाऱ्यांनी पुढच्या काळात याच बोर्डसाठी सुधारित बायोस काढले होते आणि त्याच्या माहितीत 'मेमरीशी जुळणी सुधारली' अशी एक ओळ होती. पण बायोस बदलण्यात मोठा धोका असतो. लिहिणे चालू असताना वीज गेली तर चिपमध्ये अर्धेच फर्मवेअर राहते आणि बोर्ड उठतच नाही. मग कंडमच्या यादीवर सही करायला मंडळाचीही गरज नाही. शिवाय एकाच नावाच्या बोर्डच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात आणि एकीचे बायोस दुसरीला चालेलच असे नाही. आवृत्तीचा आकडा बोर्डच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेला असतो. तो आम्ही दोघांनी टॉर्च लावून वेगवेगळा वाचला आणि वेगवेगळ्या कागदावर लिहिला. दोन्ही कागद जुळल्यावरच फाइल घेतली.

करायचे की नाही, हे साहेबांनी मला विचारले. एक स्टिक लावून ४ जीबीवर संगणक चालला असता. मंडळालाही कदाचित तेवढे पुरले असते. मी एक रात्र मागितली. रविवारी बाबांशी फोनवर बोललो. बाबा सेनेत ड्रायव्हर होते, १७ वर्षे नोकरी करून नाईक म्हणून घरी आले. आता साताऱ्याला शाळेची बस चालवतात. ते म्हणाले, "धोका आहे म्हणून घाट चढायचा नाही, असं नसतं रे. ब्रेक बघायचे, हवा बघायची, आणि मग चढायचा." मी सोमवारी साहेबांना म्हणालो, "करूया, साहेब."

ब्रेक आणि हवा आम्ही अशी बघितली : जुन्या सगळ्या सेटिंग्ज वहीत उतरवल्या. जुन्या बायोसची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. संगणक यूपीएसवर घेतला आणि यूपीएस आधी अर्धा तास लोड देऊन तपासला. चालणारी एकच स्टिक लावली. जनरेटरच्या चाचणीची वेळ विचारून घेतली आणि ती टाळली. मग बायोसमधल्याच सोयीतून नवी फाइल निवडली. फाइल १ एमबीची, मोबाइलमधल्या एका फोटोपेक्षाही लहान. पडद्यावर पट्टी सरकू लागली. आधी जुने पुसले, मग नवे लिहिले, मग लिहिलेले तपासले. दोन-तीन मिनिटांचे काम, पण त्या वेळात खोलीत कोणी बोलले नाही. माझा तमिळ बॅचमेट तर दाराशी उभा होता, कोणी चुकून स्विचला हात लावू नये म्हणून.

संगणक पुन्हा सुरू झाला. डिफॉल्ट सेटिंग्ज भरल्या, बंद केला, दुसरी स्टिक बसवली, बटण दाबले. पडद्यावर आकडा आला : ८१९२ एमबी. साहेबांनी फक्त मान हलवली. ईएमईत टाळ्या वाजवत नसावेत.

आकडा दिसला म्हणजे काम झाले असे नाही. रात्रभर परवानगी घेऊन मेमटेस्ट चालू ठेवला. तो मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितो आणि तेच परत वाचायला मिळते का ते बघतो. सकाळी पीटी संपवून धावत गेलो. चूक शून्य. मग ३२-बिट विंडोज काढून ६४-बिट लिनक्स घातली, कारण ३२-बिट विंडोज ४ जीबीपुढची मेमरी वापरूच शकत नाही. बायोसमध्ये मेमरी रीमॅप नावाचा पर्याय चालू केला, त्याने पूर्ण ८ जीबी वापरात आली. इनस्क्रिप्ट लिनक्समध्ये तयारच होता. मंडळ बसले त्या दिवशी बंगाली संपादकाने त्यांच्यासमोर एक परिच्छेद टाइप करून दाखवला. संगणकाचे नाव यादीतून कमी झाले. खुर्च्या मात्र गेल्या.

मी खोटे चित्र उभे करणार नाही. हा संगणक व्हिडिओ एडिटिंगला पुरणार नाही, नवे खेळ तर नाहीच. बोर्डवरचे कपॅसिटर एक दिवस फुगतील आणि त्या दिवशी त्याला कंडम म्हणणेच बरोबर होईल. सेनेतही कोणी जुन्याची पूजा करत नाही. पण 'जुना झाला' आणि 'निकामी झाला' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. त्यांच्यातला फरक मोजायला एक मल्टिमीटर, एक वही आणि आपल्या नावाची सही करायला तयार असलेला एक माणूस लागतो. पंधराव्या वर्षी मला यातल्या पहिल्या दोन वस्तू वापरता येऊ लागल्या आहेत. तिसरी गोष्ट जमायला वेळ लागेल.

जे ज्युनिअर पुढे भाषेची पाने सांभाळतील त्यांच्यासाठी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक कार्ड चिकटवले आहे. त्यावर सेल बदलल्याची तारीख, बायोसची आवृत्ती आणि एक सूचना आहे : 'रॅम घेताना चिप मोजा. सोळा.' हे मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये आणि बंगालीत लिहिले आहे. पंजाबीची जागा सोडली आहे, तो संपादक सुट्टीवरून आला की भरेल.