लोखंडाच्या गर्दीत

तळोद्याहून अक्कलकुव्याची एस.टी. धरली, तेव्हा माझ्या मांडीवर एक लांब दांडीचे यंत्र होते. शेजारच्या गृहस्थांनी ते मासे पकडायचे असणार असे ठरवून टाकले. मीही वाद घातला नाही. जमिनीतला धातू हुडकणारे यंत्र म्हटले असते, तर ‘गुप्तधन’ हा शब्द माझ्याआधी गावात पोचला असता!

तो मोह मला नव्हता. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मला शोधायची होती ती आंगठी हरवून महिनाच झाला होता, आणि धनीण समोर उभी होती. माझ्या शिक्षक मित्राच्या घरमालकीण आजी. आईची एवढीच खूण त्यांच्यापाशी उरलेली. चांदीची, परसात पडलेली.

त्या परसात पूर्वी लोहाराची भट्टी होती. यंत्र जमिनीशी नेले मात्र, ते ओरडू लागले. खिळे, बैलांच्या पत्र्या, फाळाचे तुकडे! वैतागून मी लोखंडाचा आवाज गाळणारी कळ दाबली. यंत्र गप्प झाले. तासभर गप्पच राहिले.

चूक माझीच. यंत्राच्या तबकडीतले चुंबकीय क्षेत्र धातूत विजेचे प्रवाह उठवते आणि त्यांचा पडसाद यंत्र टिपते. खिळा आणि चांदी शेजारी पडली, की दोन्ही पडसाद मिसळतात. खिळ्याचे तोंड दाबावे, तर चांदीही मुकी होते.

मग कळ सोडली, लहान तबकडी लावली आणि वीतवीत जमीन सावकाश पाहू लागलो. निघालेले लोखंड आजी टोपलीत टाकत होत्या. ऊन कलता कलता एका पत्रीलगत बारीक, उंच सूर आला. दुसऱ्या बाजूने फिरलो, पुन्हा तोच. बोटभर मातीखाली आंगठी होती.

आजींनी ती कपाळाला लावली. मी टोपली उकिरड्याकडे नेऊ लागलो, तर म्हणाल्या, “राहू दे, भाऊ. आमच्या नांगराचे फाळ याच भट्टीत घडले.”

परतताना वाकडी वाट करून प्रकाशे गाठले. तेथे तापी-गोमाईच्या संगमावर बी. के. थापर यांनी १९५५ साली उत्खनन केले. वस्तीच्या दुसऱ्या कालखंडात लोखंड मिळाले, आणि तेच त्या काळाची ओळख ठरले. माझे यंत्र मी पिशवीतच ठेवले. पण आजींची टोपली मात्र डोळ्यांपुढून हलेना.