वजन उतरवण्यासाठी मिळालेला डबा

वजन उतरवू पाहणाऱ्या माणसाच्या हाती, त्याचा हेतू त्याच्याच तोंडून ऐकून घेतल्यानंतर, वजन वाढवणारे चूर्ण देताना विक्रेत्याचा हात जराही कसा अडखळला नाही, हा प्रश्न मला अद्यापही स्वस्थ बसू देत नाही. पन्नाशी उलटली, डॉक्टरांनी रक्तातील साखरेविषयी ताकीद दिली आणि मी पुण्यातील घराजवळच्या एका जिममध्ये नाव दाखल केले. येथवरची हकीकत चारचौघांसारखीच आहे.

तेथील ट्रेनर तरुण आणि कमालीचा मेहनती होता. गुडघ्यावर ताण न देता बैठक कशी मारावी, हे त्याने मला जितक्या आस्थेने शिकवले, तितक्याच आस्थेने तो एके दिवशी म्हणाला, "काका, नुसतं खाणं कमी केलंत तर मसलही जातील. प्रोटीन घ्या. समोरच्या दुकानात माझं नाव सांगा." त्यात तथ्य होते, आहार आखडला की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि पुरेशी प्रथिने व वजनांचा व्यायाम यांनी ती झीज पुष्कळशी आवरते. खऱ्या गोष्टीच्या आडून फसवणूक झाली, म्हणूनच ती अधिक झोंबते.

दुकानदाराने भलामोठा काळा डबा पुढे केला. त्यावर 'प्रोटीन' ही अक्षरे ठळक होती आणि खाली सवलतीच्या किमतीची पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. आहारशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने ती नखाने खरवडून काढली, तेव्हा तिच्याखाली 'मास गेनर' हे शब्द निघाले. "मामा, शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं जेमतेम पंधरा ग्रॅम, बाकी बहुतेक सगळं माल्टोडेक्स्ट्रिन. हे किडकिडीत मुलांनी वजन वाढवायला घ्यायचं असतं!" माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे पिष्टापासून केलेले, रक्तातील साखर झपाट्याने चढवणारे कर्बोदक, आणि ते मी दररोज, व्यायामानंतर, औषधासारख्या निष्ठेने घेत होतो. दाद मागायला गेलो, तर दुकानदाराने "सील तुटलंय" एवढ्यावर प्रकरण निकालात काढले, आणि ट्रेनर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "संपवून टाका, काका, थोडं थोडं."

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत असली चूर्णे टाळण्याचा सल्ला दिला आहे, आणि निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दररोज 0.83 ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. तेव्हा डबे हवेतच कशाला, असे मी त्या संतापात ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. परंतु शाकाहारी माणसाने खाणे आखडून हिशेब मांडला, की अडचण ध्यानात येते: फुटाण्यांतून 20 ग्रॅम प्रथिने घ्यायची, तर सुमारे साडेतीनशे कॅलरी पदरी येतात, पनीर किंवा चीज करताना निघणाऱ्या पाण्यापासून बनवलेल्या शुद्ध व्हे चूर्णातून तितकीच प्रथिने शंभर-सव्वाशे कॅलरींत मिळतात. ते चूर्ण मी आज घेतो. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याविना या वाटेला जाऊ नये.

त्या ट्रेनरला दरमहा मिळणारा मेहनताना पुढे कानी आला, तेव्हा दुकानातून मिळणाऱ्या दलालीवाचून त्याचे घर चालणे कठीण आहे, हे कळले. मालकाने पोटापुरते वेतन द्यावे, म्हणजे शिकवणाऱ्यावर विकण्याची पाळी येणार नाही, असे मी मालकाला लेखी कळवले आहे. उत्तर आलेले नाही. दुकानदाराला मी क्षमा केलेली नाही; व्यायाम मात्र त्याच मुलाच्या देखरेखीखाली चालू आहे.