एस्तरहाझाची चाकरी

शोप्रोनहून फेर्तोदला जाणाऱ्या बसमध्ये डावीकडची खिडकी पकडली की फेर्तो सरोवर दिसेल, असं वाटतं. ते दिसत नाही. दिसते ती सपाट शेती, अधूनमधून द्राक्षमळे आणि लांबवर पिवळट बोरूची रेघ. सरोवर त्या बोरूच्या पलीकडे. ते इतकं उथळ आहे की बहुतेक ठिकाणी माणूस तळाला पाय टेकवून उभा राहू शकतो, आणि एकोणिसाव्या शतकात तर काही वर्षं ते चक्क आटूनच गेलं होतं. हंगेरीच्या वायव्य टोकावरच्या, व्हिएन्नापासून त्या काळी दिवसभराच्या अंतरावर असलेल्या या दलदलीच्या काठी निकोलाऊस एस्तरहाझी नावाच्या सरदाराने १७६० च्या दशकात आपलं व्हर्साय बांधायला घेतलं. आधी तिथे शिकारीसाठी एक हवेली होती. तिचा झाला १२६ दालनांचा राजवाडा, एस्तरहाझा.

गावाचं आजचं नाव फेर्तोद. बस थेट राजवाड्याच्या लोखंडी दरवाजापाशी सोडते. दरवाजा म्हणजे लोखंडात विणलेली वेलबुट्टी. आत शिरलं की इमारतीचे दोन बाहू नालेच्या आकारात वळत येऊन आपल्याला कवेत घेतात. भिंतींचा पिवळा रंग आता ताजा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे रशियन फौजेचं इस्पितळ होतं, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. वरच्या मजल्यावर समारंभाच्या दालनात छतभर अपोलोचा रथ उधळलेला आहे. ज्ञान आणि संगीत या दोन्हींचा देव, शिवाय सूर्याचा. प्रबोधनाच्या शतकाला याहून सोयीचा देव सापडला नसता. विवेकाचा प्रकाश वगैरे सगळं छतावर. खाली फरशीवर मात्र शेकडो गावांच्या भूदासांच्या घामाचा पैसा. एस्तरहाझी हे हंगेरीतले सर्वांत मोठे जमीनदार, आणि हंगेरीतली भूदासप्रथा कायमची संपायला १८४८ साल उजाडावं लागलं.

माझं मन या दालनांत फार रमलं नाही. सोनेरी नक्षी, चिनी लाखेचे तक्ते, भल्यामोठ्या शेकोट्या हे युरोपात पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळतं. मला पाहायचं होतं ते रस्त्यापलीकडचं संगीतघर. त्यात वादक आणि गायक राहत. अनेकांच्या वाट्याला अर्धीच खोली. संगीतकार योझेफ हायडनला मात्र स्वतंत्र खोल्या होत्या.

चाकं बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा १ मे १७६१ रोजी, एकोणतिसाव्या वर्षी या घराण्याच्या नोकरीत लागला. चौदा कलमांचा तो करारनामा वाचण्यासारखा आहे. पगार वर्षाला ४०० गुल्डन. गणवेश घालायचा, पायमोजे पांढरे, केसांना पावडर लावून वेणी किंवा टोप. रोज दुपारच्या आधी आणि नंतर बाहेरच्या दिवाणखान्यात हजर राहून, आज सरकारांची संगीताबद्दल काय आज्ञा आहे, हे विचारायचं. वादकांशी खाण्यापिण्यात सलगी ठेवायची नाही. आणि मुख्य म्हणजे जे काही रचेल ते फक्त मालकाचं. त्याच्या नकला बाहेर द्यायच्या नाहीत, परवानगीशिवाय दुसऱ्यासाठी काही रचायचं नाही. थोडक्यात, हायडनच्या डोक्यात पुढे येणाऱ्या सुरांचा सातबारा आधीच एस्तरहाझींच्या नावावर चढला होता.

निकोलाऊस स्वतः वाजवायचा बॅरिटॉन. हे वाद्य राजवाड्यात काचेमागे पाहिलं आणि पाय तिथेच थबकले. गजाने वाजवायच्या पुढच्या तारा आतड्याच्या, सहा-सात. त्यांच्यामागे धातूच्या तारांचा दुसरा संच. सारंगीच्या तरफा जशा नुसत्या गुंजतात, तशा त्याही गुंजतात. पण इथे वाद्याची मान मागून पोकळ ठेवलेली असते, आणि वादक डाव्या हाताच्या अंगठ्याने त्याच तारा मागून छेडूही शकतो. एकाच वेळी गज चालवायचा, बोटांनी पुढच्या तारा दाबायच्या आणि अंगठ्याने साथ करायची. असली कसरत हौशी सरदारालाच सुचावी. १७६५ मध्ये या सरदाराने हायडनला लेखी तंबी दिली, की बॅरिटॉनसाठी जरा जास्त मेहनतीने लिहीत जा. हायडनने दहाएक वर्षांत सव्वाशेच्या आसपास बॅरिटॉन-त्रिकुटं लिहून दिली. आज ती क्वचितच कानावर पडतात, कारण वाद्यच लोपलं. पण ज्याला रोज एका मध्यम दर्जाच्या वादकाला शोभेल असं काहीतरी नवं लिहावं लागतं, तो थोड्या साधनांत बरंच काही साधायला शिकतो. हायडनच्या पुढच्या काळातल्या चतुष्कांमध्ये मला ती शिस्त ऐकू येते.

आणि मग १७७२ ची गोष्ट. संगीताचे कार्यक्रम करणारा जवळजवळ प्रत्येक निवेदक ती सांगतो, पण अर्धीच. त्या वर्षी निकोलाऊसने हुकूम काढला, की वादकांच्या बायकामुलांनी एस्तरहाझाला यायचं नाही, एका दिवसासाठीसुद्धा नाही. मोजक्या माणसांना सूट होती, आणि त्यांत हायडन होता. म्हणजे त्याची स्वतःची काही अडचण नव्हती. तसंही बायकोशी त्याचं फारसं जमत नसे. हिवाळा तोंडावर आला तरी सरकारांचा मुक्काम हलेना. कुटुंबं एस्तरहाझींचा दुसरा राजवाडा असलेल्या आयझेनश्टाटला, नवरे इथे दलदलीत. तेव्हा हायडनने ४५ वी सिंफनी लिहिली, एफ-शार्प मायनर या त्या काळी सिंफनीसाठी कुणी सहसा हात न लावणाऱ्या सुरात. शेवटची द्रुत चाल धावत येते, एकदम थांबते, आणि अनपेक्षितपणे संथ लय सुरू होते. मग एकेक वादक आपला तुकडा संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. आधी ओबो आणि हॉर्न, मग बासून, मग उरलेले ओबो आणि हॉर्न. डबल बासच्या वाट्याला जाण्याआधी चांगली लांब करामत आहे. शेवटी उरतात दोन व्हायोलिनं, आवाज दाबलेली. त्यांतलं एक खुद्द हायडनचं आणि दुसरं वाद्यवृंदातल्या लुइजी तोमासिनीचं, असं सांगतात. मालकाला इशारा कळला, आणि मुक्काम हलला.

निवेदक सांगत नाहीत तो भाग हॉर्नचा. त्या काळच्या हॉर्नना झडपा नव्हत्या. सूर बदलायचा तर नळीला वेगळा तुकडा जोडावा लागे, आणि या विचित्र सुरासाठी तसे तुकडेच नव्हते. १७७२ च्या ऑक्टोबरात हॉर्नसाठी अर्ध्या सुराचे जोडतुकडे बनवून घेतल्याचं बिल सापडतं, हायडनच्या सहीचं. ते अर्थातच दरबारच्या खात्यातून चुकतं झालं. म्हणजे मालकाविरुद्धच्या अर्जाचा खर्च मालकानेच सोसला! लोक या सिंफनीत बंड पाहतात. मला त्यात मुरलेल्या कारकुनाचा अर्ज दिसतो. शब्द एकही वावगा नाही, नियम एकही मोडलेला नाही, आणि वाचणाऱ्याला मान डोलवण्यावाचून गत्यंतर नाही. समोरचा माणूस विवेकी आहे असं गृहीत धरून त्याच्याशी बोलायचं, ही रीत मात्र अस्सल त्या शतकाची.

खरं स्वातंत्र्य आलं ते १७७९ मध्ये, आणि फार गाजावाजा न होता. नवा करार झाला आणि त्यातून ते मालकी हक्काचं कलम गळालं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या आर्तारिया प्रकाशनाने त्याचे पियानो-सोनाटे छापले. मग या बोरूच्या बेटात पॅरिसहून सहा सिंफनींची मागणी आली, स्पेनमधल्या कादिझहून चर्चसाठी संगीताची मागणी आली. १७८५ मध्ये हायडन व्हिएन्नातल्या फ्रीमेसनांच्या सभेत दाखल झाला. त्या काळचे पुरोगामी विचारवंत तिथे जमत. पण दाखल झाल्यावर तो पुन्हा तिकडे फिरकल्याची नोंद नाही. फिरकणार तरी कसा? १७८६ या एका वर्षात एस्तरहाझाच्या रंगभूमीवर ऑपेराचे सव्वाशे प्रयोग झाले आणि तालमींपासून सगळी जबाबदारी त्याची. प्रबोधनाचे ग्रंथ हायडनने किती वाचले असतील, याला मी फार महत्त्व देत नाही. छापखाना, टपाल आणि एक खोडलेलं कलम यांनी त्याचं जास्त भलं केलं.

त्या रंगमंदिराच्या जागी आज काही नाही. १७९० मध्ये निकोलाऊस वारला, त्याच्या मुलाने वाद्यवृंद मोडीत काढला, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मोकळा झालेला हायडन १ जानेवारी १७९१ ला इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला.

फेर्तोदहून आयझेनश्टाटला जाताना आता सरहद्द लागते. हायडनच्या काळी दोन्ही गावं हंगेरीच्याच राज्यात. १९२१ मध्ये हा पट्टा फुटला, आयझेनश्टाट ऑस्ट्रियाकडे गेलं. मग चाळीसेक वर्षं मधून काटेरी तार होती. आज ती तार नाही. आयझेनश्टाटच्या राजवाड्यात हायडनच्या नावाचं दालन आहे. त्याने तिथल्या दगडी फरशीवर लाकडी तक्तपोशी बसवून घेतली, आणि आवाज इतका सुधारला की आजही तिथे मैफली होतात. जवळच्या गल्लीत त्याचं घर. १७६८ आणि १७७६, अशी दोनदा ते आगीत जळलं, दोन्ही वेळा निकोलाऊसने पदरच्या खर्चाने बांधून दिलं. चाकरीची ही दुसरी बाजूही नोंदवायला हवी.

गावाच्या वरच्या अंगाला बेर्गकिर्ख हे चर्च, आणि त्यात हायडनची संगमरवरी समाधी. १८०९ च्या मे महिन्यात, व्हिएन्नात नेपोलियनची फौज असताना तो गेला. दफन झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याची कवटी चोरीला गेली. चोर कोण, तर एस्तरहाझींच्या पदरी पूर्वी असलेला रोझेनबाउम आणि तुरुंगाधिकारी पेटर. दोघे सुशिक्षित, संगीताचे चाहते. डॉक्टर गाल याच्या कपालशास्त्राने त्यांना झपाटलं होतं: कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाची प्रतिभा मोजता येते, असं ते शास्त्र. पेटरला संगीताचा उंचवटा अर्थातच सापडला. काचेची खिडकी असलेल्या काळ्या पेटीत, पांढऱ्या रेशमी उशीवर ती कवटी ठेवली गेली. १८२० मध्ये एस्तरहाझींनी शव आयझेनश्टाटला हलवायचं ठरवलं, तेव्हा शवपेटीत केसांचा टोप तेवढा निघाला. पोलिस रोझेनबाउमच्या घरी आले. त्याची बायको आजारी म्हणून बिछान्यावर पडून राहिली, आणि कवटी त्याच बिछान्यात दडवलेली. शेवटी भलत्याच कुणाची तरी कवटी देऊन बोळवण झाली. खरी कवटी हातोहाती फिरत व्हिएन्नाच्या संगीतसंस्थेकडे पोचली आणि १९५४ मध्ये समारंभाने इथे आली.

आधीची मात्र कुणी बाहेर काढली नाही. समाधीत दोन कवट्या आहेत, आणि त्या दुसऱ्या माणसाचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.