सोमवारचा दम

लालबागच्या चाळीत गिरणीचा पहाटेचा भोंगा झाला की जिन्यावर चपलांचा आवाज सुरू व्हायचा. पहिल्या पाळीची माणसं दुपारी परतायची ती भुवयांवर, कानांवर कापसाची पांढरी लव घेऊनच. वडील साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. आई त्यांच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवायची, मग पाणी. गुळाने घशातला कापूस उतरतो, यावर साऱ्या गिरणगावाचा विश्वास. त्या माणसांची, त्या गजबजलेल्या जिन्याची आठवण मला आजही येते.

पण सूत तुटू नये म्हणून खात्यात खिडक्या बंद आणि हवा दमट. कापसाची धूळ जाणार कुठे? छातीतच. तिची खूणही वेगळी होती. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामावर गेलं की छाती जास्त आवळायची. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. दमा नव्हे, पण दम्याच्या भाऊबंदांतलाच. चाळीत म्हणायचे, ‘वय झालं.’ वडिलांनी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

दमा म्हणजे लहान मुलांचा, नाहीतर म्हाताऱ्यांचा, हीच समजूत. धट्टाकट्टा माणूस धापा टाकू लागला, तर कामाकडे बोट कुणी दाखवत नसे. धोतऱ्याच्या पानांची विडी ओढायची किंवा कोजागरीला चांदण्यातल्या खिरीतून औषध घ्यायचं. गच्चीवरची ती जाग्रणं फार सुंदर होती. औषधाने कुणाचा दमा गेल्याचं मात्र मी पाहिलं नाही.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आम्ही कोकणात गावी गेलो. घरात पैसा नव्हता, पण वडिलांचा खोकला उतरत गेला. गावची हवा मानवली, असं सगळे म्हणत. मला वाटतं, कापूस सुटला होता.

आता गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर आहेत. माझी भाची त्यातल्या एकात साफसफाई करते. बेचाळिसाव्या वर्षी तिची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. लहानपणी तिला साधी धापही लागत नसे. तिथे धुळीचा कण नाही, पण खिडक्या पुन्हा बंदच, आणि बंद स्वच्छतागृहात ब्लीच नि ॲसिड. दोन्ही एकत्र झाली तर क्लोरीन वायू सुटतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मोठेपणी जडणाऱ्या दम्याला कारणं अनेक. वाढलेलं वजन, सिगारेट, जुनाट सर्दी, घरातली बुरशी. चाळिशीनंतर तो बायकांना अधिक गाठतो. पण साधारण सहा रुग्णांत एकाच्या दम्यामागे कामाची जागा असते. बेकरीतलं पीठ, गॅरेजमधल्या स्प्रे-रंगातले आयसोसायनेट, सफाईची रसायनं. यावर आपण आजही फार कमी बोलतो, याचं मला वाईट वाटतं. शेजारणी भाचीला सांगतात, ‘पंपाची सवय लागते, घेऊ नकोस.’ खरं तर पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून त्याची मात्रा गोळीपेक्षा कितीतरी कमी पुरते. आणि सूज आवरायची तर ते डॉक्टर सांगतील तसं नियमित घ्यावं लागतं.

तिच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का?’ मग फुंकायचं छोटं मीटर देऊन कामाचे आणि सुट्टीचे आकडे वहीत लिहायला लावले. सुट्टीत आकडा चढतो, कामावर उतरतो. वेळीच ते काम सुटलं तर दमा आटोक्यात यायची शक्यता जास्त, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ती वही दाखवून तिने सुपरवायझरकडे दुसरं काम मागितलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.