पोत्याचा दर, ऑर्डरचा दर

मशीद बंदरला काझी सय्यद स्ट्रीटवर शिरलं की आधी शिंका यायच्या. मिरचीची पोती उतरत असली तर डोळ्यांनाही धारा लागायच्या. सत्तरच्या दशकात, शाळकरी वयात, मी वडिलांचा, म्हणजे आबांचा, डबा घेऊन तिथे जायची. आज काय उतरवलंय ते त्यांच्या सदऱ्यावरून कळायचं. हळदीच्या दिवशी तर कानाच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या व्हायच्या. डोक्यावर चुंबळ, हातात लोखंडी आकडा. साखरेचं पोतं तेव्हा शंभर किलोचं असे.

आबा पाटण तालुक्यातले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले ते गावच्या गाळ्यात वीस-पंचवीस जणांत पथारी टाकून राहिले. त्या वर्षांतली एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. टोळीतल्या एकाचा पाय फळीवरून घसरला आणि पोतं मानेवर आलं. दवाखान्याचे पैसे मागायला सगळे शेठकडे गेले. शेठ म्हणाला, हा माझा माणूस नाही, मुकादमाचा आहे. मुकादम म्हणाला, मी तरी कोण, तुमच्यासारखाच ओझी वाहणारा. जखमी माणूस गावी गेला तो परत आलाच नाही.

अण्णासाहेब पाटील त्याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांनी स्वतः दारूखान्यात ओझी वाहिली होती. त्यांनी हमालांची संघटना बांधली, लढा दिला आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. आबांच्या मते त्या कायद्याचं मोठेपण एकाच गोष्टीत होतं: कोण कुणाचा माणूस, हा वाद त्याने निकालात काढला. माल ज्याचा, त्याने मजुरी आणि वर लेव्ही कायद्याने नेमलेल्या मंडळात भरायची. मंडळ ती मजुरी टोळीला देणार, आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार लेव्हीतून निघणार. मंडळावर कामगार, व्यापारी आणि सरकार अशा तिघांचे प्रतिनिधी. किराणा बाजार आणि दुकानांसाठी मुंबईत असं स्वतंत्र मंडळच झालं.

दराचा करार संपत आला की आमच्या डोंगरीच्या खोलीत आवाज खाली यायचे. आई डब्यांत डाळ-तांदूळ किती उरलेत ते बघून ठेवायची. आबा रात्री उशिरा युनियनच्या सभेतून यायचे आणि जेवताना सांगायचे, व्यापारी इतक्यावर आलेत, आपण इतक्यावर अडून आहोत. पोत्यामागे काही पैशांचा फरक असायचा. पण त्या काही पैशांसाठी दोन्ही बाजूंची माणसं तासन् तास समोरासमोर बसायची, हे मला आज फार मोलाचं वाटतं.

एकदा बोलणी फिसकटली आणि काम बंद झालं. ट्रकांची रांग लागली, गोदामांची दारं उघडी आणि गल्लीत सामसूम. एवढी शांत गल्ली मी कधी पाहिली नव्हती. आमच्या नाक्यावरच्या वाण्याने आईला वहीवर उधार दिलं, पण म्हणाला, ‘‘वहिनी, संप लवकर मिटवा म्हणावं भाऊंना, माझ्याच दुकानात गूळ संपलाय.’’ चौथ्या दिवशी व्यापाऱ्यांचा निरोप आला. पाचव्या दिवशी सह्या झाल्या. आबांनी मागितलेलं सगळं मिळालं नव्हतं, तरी ते झोपले ते दुसऱ्या दिवशी दुपारीच उठले.

पुढे बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला गेला, आणि आम्ही कोपरखैरण्याला माथाडींसाठी बांधलेल्या घरात. आबांच्या ग्रॅच्युइटीतून गावचं घर पक्कं झालं.

आता माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, त्याच कोपरखैरण्यात किराणाच पोचवतो. डार्क स्टोअरमधून, म्हणजे ॲपच्या ऑर्डरी भरणाऱ्या गोदामातून, पिशवी उचलायची, मोटरसायकलवरून दारापर्यंत न्यायची. ओझं आबांपेक्षा कितीतरी हलकं आहे, आणि ते चांगलंच झालं. पण त्याचा दर त्याला सकाळी फोन उघडल्यावर कळतो. ज्या कंपनीसाठी तो धावतो तिने एकदा रातोरात ऑर्डरचा दर उतरवला. कारण विचारायला तो स्टोअरच्या मॅनेजरकडे गेला, तर उत्तर मिळालं: दर आम्ही ठरवत नाही, वरून येतो, आणि तू आमचा नोकर नाहीस, पार्टनर आहेस. मला मानेवर पोतं पडलेला तो माणूस आठवला.

ही त्याच्या एकट्याची गोष्ट नाही. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली परिसरातल्या ब्लिंकिट या किराणा ॲपच्या मुलांनी काम थांबवलं, ते ऑर्डरमागचा किमान दर २५ रुपयांवरून १५ वर आणला म्हणून. ३१ डिसेंबर २०२५ ला देशभरातल्या संघटनांनी संप पुकारला, दहा मिनिटांत पोचवण्याची सक्ती बंद करा ही त्यातली एक मागणी. भाच्याने त्या रात्री ॲप बंद ठेवलं. त्याच्या जोडीदारांना फोनवर जादा इन्सेंटिव्ह दिसत होता. काही गेले, आणि मी त्यांना दोष देत नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘‘आत्या, संप केला खरा, पण आता बोलणी कुणाशी करायची?’’

आबांच्या काळी त्यासाठी मंडळ होतं. पुढे माथाडींच्या नावावर खंडणी उकळणारे निघाले, अशी तक्रार व्यापारी करतात. काही ठिकाणी ती खरी आहे, आणि तशांना पकडलंच पाहिजे. म्हणून मंडळच नको म्हणणं मला पटत नाही. २०२३ साली माथाडी कायद्यात बदल करणारं विधेयक आलं तेव्हा तुर्भ्याच्या बाजारातले कामगार पुन्हा रस्त्यावर उतरले, कारण आपल्या बापाने काय मिळवलं होतं हे त्यांना माहीत होतं.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के ॲपवरच्या कामगारांच्या निधीत भरायचे, असं त्यात आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कल्याण मंडळाचे कायदे केले. राजस्थानचा कायदा घडवताना तर आपल्या माथाडी मंडळाचा दाखला दिला गेला. हे सगळं हवंच आहे. पण आजारपणाला निधी मिळणं वेगळं आणि ऑर्डरचा दर दोघांनी बसून ठरवणं वेगळं. आबांना दोन्ही मिळालं होतं.

किराणा पोचवणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्राने कामगार, कंपन्या आणि सरकार अशा तिघांचं मंडळ नेमावं, आणि ऑर्डरचा दर त्या मंडळासमोर करार करूनच बदलावा, एवढी माझी मागणी आहे.