रुमाल बांधला की झालं?

आमच्या ऑफिसात दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोल होतं. शुक्रवारी 'ड्रॉवर रिकामे करा' असा मेल आला की सगळे खुशीत लवकर सटकतात. सोमवारी मग थोडा वास, दोन-चार शिंका. खिडक्या कायमच्या बंद, वास जाणार कुठे?

गेल्या खेपेला काम अडकलं म्हणून मी थांबले. फवारणीवाला आला. विशीतला पोरगा, पाठीवर पंप, तोंडाला रुमाल. हातमोजे वगैरे काही नाही. बाटलीवर नाव सायपरमेथ्रिन.

"दिवसाला किती ऑफिसं?"

"पाच-सहा, मॅडम."

"त्रास नाही होत?"

"रात्री डोकं जड होतं. सवय झाली."

मी मूळची यवतमाळची. तिथे २०१७ साली कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-मजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात होते. तिथली मोनोक्रोटोफॉससारखी औषधं फार जहाल; सायपरमेथ्रिन माणसाला त्यामानाने कमी घातक, हे खरं. पण दोन्ही अंगात शिरतात त्याच वाटांनी, श्वासातून आणि कातडीतून. शिवाय रुमाल औषधाची वाफ अडवत नाही. ओला झाला की उलट ते तोंडाशीच धरून ठेवतो. आपण सोमवारी शिंकतो. हा रोज सहा ऑफिसं हुंगतो!

ॲडमिनला म्हटलं, झुरळांना जेलचे ठिपके लावा, हवेत काही उडत नाही.

"महाग पडतं हो."

"किती?"

त्यांनी आकडा सांगितला. आमच्या मजल्याचं महिन्याचं कॉफीचं बिल त्याहून जास्त येतं. कोटेशन मागवलंय.