दारावरचे दोन नमस्कार

मंगाईची जत्रा झाली की वडगावात आलेले पाहुणे परत फिरतात आणि गल्लीतले माग पुन्हा खडखडू लागतात. २०२३ साली जत्रा आटोपली आणि पाठोपाठ मीच पाहुणी म्हणून निघाले, तेही थेट हॉलंडला. मुलगा-सून त्या वर्षाच्या सुरुवातीला तिकडं गेलेली. नातीची शाळा सुरू होणार होती आणि सूनबाईचं म्हणणं, "अत्ती, पहिले दोन महिने तुम्ही असलात की बरं." सूनबाई गोकाकची, कन्नड घरातली. मला ती अत्तीच म्हणते आणि मला ते आवडतं.

नातीला आम्ही घरात चिमी म्हणतो. जन्म बेळगावचा, साडेतीन वर्षं वडगावातच वाढलेली. बापाकडं पाणी मागायची, आईकडं नीरु. मी आज्जी आणि गोकाकची विहीणबाईही अज्जीच, त्यामुळं तिथं काही प्रश्न नव्हता. प्रश्न आला तो आइंडहोवनमध्ये.

आइंडहोवन म्हणजे फिलिप्सचं गाव. १८९१ साली तिथं बल्बचा कारखाना निघाला आणि खेड्याचं शहर झालं. आता शेजारच्या वेल्डहोव्हनला एएसएमएल ही चिप तयार करणारी यंत्रं बनवणारी कंपनी आहे आणि त्यामुळं आपल्याकडची इंजिनिअर पोरं तिथं बरीच. रविवारी भारतीय दुकानात गेलं तर तेलुगू, तमिळ, मराठी, कन्नड सगळं कानावर पडतं. ज्वारीचं पीठसुद्धा मिळालं. भाकरी मात्र थापताना तुटायची. पिठाचा दोष की पाण्याचा, कळलं नाही.

त्या देशात मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जाऊ शकतं. आपल्यासारखी जूनची वाट बघायची नाही. पाचव्या वर्षी सक्ती, पण बहुतेक पोरं चौथ्या वाढदिवसालाच वर्गात येतात. त्यामुळं वर्षभर वर्गात एकेक नवं मूल येत राहतं. चिमीचा वाढदिवस सप्टेंबरात. केक कापला आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर दप्तर.

डच सरकारी शाळा फुकट असते. तरी मुलानं आंतरराष्ट्रीय शाळा निवडली, वर्षाला काही हजार युरो भरून. कारण साधं. त्याची नोकरी करारावरची. दोन वर्षांनी जर्मनी का सिंगापूर का परत बेळगाव, कुणाला ठाऊक? अशा फिरत्या घरांसाठीच या शाळा निघाल्या. जिनिव्हात १९२४ साली राष्ट्रसंघाच्या नोकरांच्या मुलांसाठी जी शाळा काढली, ती या प्रकारातल्या सर्वांत जुन्या शाळांपैकी. आईबापांचा देश बदलला तरी पोरांचा अभ्यास बदलू नये, हा त्यामागचा विचार.

प्रवेशाचा फॉर्म मुलानं जेवणाच्या टेबलावर भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, लसी. मग आली 'मुलाची पहिली भाषा'. समोर एकच रेघ.

मुलाचं पेन थांबलं. सूनबाई उगीचच ताटं उचलू लागली. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं होतं की मराठीच लिहायला पाहिजे. मी निपाणीची. १९५६ च्या पहिल्या नोव्हेंबरला राज्यांची वाटणी झाली ती माझ्या जन्माआधी, पण तिची हळहळ मी दुधाबरोबर प्यायले. तिकडं गोकाकात विहीणबाईंना विचारलं असतं तर त्यांनीही तितक्याच ठामपणानं कन्नड म्हटलं असतं. शेवटी मुलानं त्या एका रेघेवर बारीक अक्षरात 'मराठी, कन्नड' असं कोंबलं. मराठी आधी आली म्हणून मी मनात सुखावले आणि सूनबाईनं ते ओळखलं. ती काही बोलली नाही. त्या रात्री आमच्यात तेवढं एक कुसळ राहिलं.

शाळा बघून मला मात्र बरं वाटलं. बाकं नाहीत, पाटी नाही. वाळूचा हौद, पाण्याचं टब, लाकडी ठोकळे, पावसात घालायचे रबरी बूट ओळीनं मांडलेले. केजी म्हटलं की आपल्याकडं एबीसीडी गिरवणं आणि टाय. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलनं १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्गला छोट्यांची शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन म्हटलं, म्हणजे पोरांची बाग. बागेत टाय कशाला? आपल्या ताराबाई मोडकांनीही १९४५ साली बोर्डीला बालशिक्षण केंद्र काढलं आणि पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची असं केलं, त्यातून अंगणवाडी हा शब्द आला. हे सगळं आपल्याकडं असून आपण टायवर का गेलो, देव जाणे.

तर चिमी शाळेत जायला लागली. रडली नाही. डब्यात चपातीची गुंडाळी, बाकीच्या पोरांच्या डब्यात पावावर चॉकलेटचे दाणे. तिनं दोनच दिवसांत गुंडाळी परत आणायला सुरुवात केली, हे अपेक्षितच. पण तीन आठवड्यांनी वर्गाच्या बाईंनी मुलाला आणि सुनेला बोलावून सांगितलं, की चिमी वर्गात अजून एक शब्दही बोललेली नाही. खेळते, ऐकते, सांगितलेलं करते, पण तोंड मिटलेलं.

घरी बातमी आली आणि इमारतीतल्या एका ओळखीच्या बाईंनी सल्ला दिला, "दोन दोन भाषांनी पोर गोंधळलीय. घरात फक्त इंग्रजी सुरू करा." मुलाला पटलं. सूनबाईलाही नाइलाजानं पटलं. दुसऱ्या दिवसापासून घरात इंग्रजी.

ते तीन दिवस मी विसरणार नाही. माझं इंग्रजी बसच्या पाटीपुरतं. चिमीशी मी बोलू लागले की मुलगा डोळ्यांनी खूण करायचा. मग मी गप्प. सूनबाई पोरीला भात भरवताना इंग्रजीत बोलायची आणि तिचा आवाजच बदलायचा, परीक्षेला बसल्यासारखा. तिसऱ्या दिवशी चिमी घरातही बोलेनाशी झाली. मी खिडकीशी बसून सायकली मोजत होते आणि मनात आलं, हिला इंग्रजी आलं आणि हे दोन्ही गेलं, तर वडगावला आल्यावर ही माझ्याशी काय बोलणार? हसून हात हलवणार, पाहुणीसारखी?

आणि त्याच खिडकीत मला १९७९ साल आठवलं. त्या वर्षी मी लग्न होऊन वडगावला आले. सासर मराठी, पण मागाचं घर, गल्लीत निम्मी घरं देवांगांची, कन्नड. मी कांड्या भरायला बसायची तिथं चारी बाजूंनी कन्नड चालायचं. नळावर पहिल्याच दिवशी मागची बाई म्हणाली, "सरीरी." मला सरी म्हणजे गळ्यातली एवढंच ठाऊक. वाटलं, ही माझी सरी मागतेय की काय! मी गळ्याला हात लावून उभी आणि नळावर हशा. सरीरी म्हणजे 'जरा सरका हो'. त्यानंतर मी दोन-तीन महिने बाहेर तोंडच उघडलं नाही. सासूबाईंना वाटलं, सून घुमी आहे. घुमी कसली, मी ऐकत होते. दिवाळीच्या सुमाराला एकदा भाजीवाल्यानं वजनात मारलं आणि माझ्या तोंडून कन्नड बाहेर पडलं ते भांडणातच.

हे मी त्या रात्री मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू मोठी होतीस." पण सूनबाईनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ती बाईंना परत भेटायला गेली, मला बरोबर घेऊन.

बाई आयर्लंडच्या. सूनबाई मला मध्येमध्ये सांगत होती. घरात इंग्रजी सुरू केलंय म्हटल्यावर बाई खुर्चीत पुढं सरकल्या. म्हणाल्या, तसं करू नका. नव्या भाषेत पडलेली पोरं कित्येक आठवडे, कधी काही महिनेही गप्प राहतात, हे आम्ही दर वर्षी बघतो. तुम्हाला जी भाषा पूर्ण येते तीत बोला, गोष्टी सांगा, रागवा. घरच्या भाषेत पक्कं झालेलं दुसऱ्या भाषेत कामाला येतं, इंग्रजी आमच्यावर सोडा. (घरी आल्यावर मुलानं शोधून काढलं, की कॅनडातल्या जिम कमिन्स नावाच्या अभ्यासकानं १९७९ पासून हेच मांडलंय. म्हणजे मी नळावर गळा धरून उभी होते त्याच वर्षी.) जाताना बाई म्हणाल्या, माझी आजी आयरिश बोलायची, मला येत नाही. एवढंच. पण सूनबाईला ते मला सांगताना एकदम सांगवेना.

बाईंनी दोन कामं दिली. एक, रोजच्या गरजेच्या शब्दांची यादी. पाणी, दुखतंय, पुरे, पाहिजे, नको. शेजारी नीरु, नोवु, साकु, बेकु, बेड. इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून ती यादी वर्गात कपाटाला चिकटवली. दुसरं, वर्गाच्या दारावर सगळ्या पोरांच्या भाषांत 'हॅलो' लिहिलेलं होतं. डच, जपानी, तुर्की, पोर्तुगीज, हिंदीसुद्धा. त्यात आपली लावा म्हणाल्या. मुलानं एका कागदावर देवनागरीत नमस्कार लिहिलं, सूनबाईनं दुसऱ्यावर कन्नड लिपीत. बाईंनी विचारलं, पहिला कसा म्हणायचा? नमस्कार. आणि दुसरा? नमस्कार. बाईंना वाटलं, प्रश्न नीट कळला नाही, त्यांनी परत विचारला. मग आम्ही तिघंही हसत सुटलो. वर कुठला लावायचा हे कुणीच काढलं नाही, शेजारी शेजारी लावले.

घरात बोलणं परत सुरू झालं. शाळेत मात्र चिमी गप्पच.

एका रविवारी आम्ही बसनं न्यूननला गेलो, आइंडहोवनला लागूनच ते खेडं. व्हॅन गॉग हा चित्रकार १८८३ च्या डिसेंबरपासून जवळजवळ दोन वर्षं तिथं आईवडिलांकडं राहिला. मला चित्रातलं कळत नाही, पण तिथं गेल्यावर समजलं की त्यानं १८८४ साली तिथले विणकर एकामागून एक काढलेत. मी चष्मा पुसून बघत राहिले. एकाच खोलीत चूल, माग आणि माणसं. गिरण्या आल्यावर घरच्या मागाला दिवस वाईट आलेले. हातमाग जाऊन यंत्रमाग आले तेव्हाचं वडगावच की! आपला खड्ड्याचा माग जमिनीशी लागून, त्यांचा लाकडी सांगाडा छताला भिडणारा, आत बसलेला माणूस पिंजऱ्यात बसल्यासारखा दिसतो. दुकानातल्या एका पुस्तकात त्यानं काढलेला विणकर होता आणि मागाशेजारी उंच खुर्चीत बसवलेलं तान्हं मूल. चिमीनं त्यावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "मग्ग!"

मराठीत माग, कन्नडात मग्ग. तिला वडगावात झोप लागायची ती त्याच आवाजात. दुपारी माग बंद पडला तर ती जागी व्हायची.

मी येताना पेटीत एक जुना लाकडी धोटा आणला होता, मुलाच्या शोकेससाठी. पुढच्या आठवड्यात वर्गात घरची एखादी वस्तू दाखवायचा तास होता, तेव्हा चिमीनं तोच धरला. टोकं लोखंडी, म्हणून सूनबाईनं त्यांना कापूस गुंडाळला. वर्गात काय झालं ते बाईंनी संध्याकाळी सांगितलं. चिमीनं धोटा सतरंजीवरून या पोराकडून त्या पोराकडं सरकवला, टक टक करत. बाईंनी विचारलं, हे काय आहे? चिमी म्हणाली, "मग्ग." बाईंना ऐकू आलं मग. त्यांनी कौतुकानं टेबलावरचा आपला कॉफीचा मग उचलून दाखवला, असा का? चिमीला राग आला. "नो! नॉट मग! मग्ग!"

वर्गातले तिचे पहिले शब्द. तेही भांडणातच. खरं तर धोट्याला कन्नडात लाळि म्हणतात, पण ते दुरुस्त करायला मी त्या दिवशी गेले नाही.

नोव्हेंबरात मी परत आले. आता चिमीचं इंग्रजी मला कळत नाही इतकं जोरात आहे आणि डचही थोडं येतं. रविवारी व्हिडिओ कॉल असतो. परवा म्हणाली, "आज्जी, फोन मग्गाजवळ ने ना." वाक्य मराठी, मग्ग कन्नड. मी चप्पल घातली आणि शेजारच्या मागाच्या घरात गेले. नेमकी लाइट गेलेली, सगळी गल्ली गप्प. तिला बंद माग दाखवला. ती म्हणाली, "मग लाइट आल्यावर कर," आणि फोन ठेवला.